इलेक्ट्रिक गाड्या काढून अडचणीतली देशी मोटार कंपनी सावरते का? (टाटांच्या निमित्ताने)

मुळाकाठ

टाटांच्या प्रवासी गाड्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘नेक्सॉन ईव्ही आली आणि कंपनी वाचली.’ मला हे पटत नाही. उद्या दुसरी एखादी कंपनी गाळात गेली की तिलाही हाच सल्ला दिला जाईल, म्हणून या वाक्याची एकदा नीट तपासणी व्हावी असं वाटतं.

आकडे बघा. २०१९-२० मध्ये टाटांच्या प्रवासी गाड्या साधारण १ लाख ३१ हजार खपल्या. बाजारातला वाटा ५ टक्क्यांच्याही खाली. नॅनो फसलेली, इंडिका-इंडिगोवर टॅक्सीचा शिक्का, झेस्ट आणि बोल्टने काही साधलं नाही. पुढच्या वर्षी २ लाख २२ हजार, त्याच्या पुढच्या म्हणजे २०२१-२२ मध्ये ३ लाख ७० हजार. दोन वर्षांत जवळजवळ तिप्पट. आणि त्या ३ लाख ७० हजारांत इलेक्ट्रिक किती? सुमारे १९ हजार. शंभरात पाच!

बाकीच्या पंच्याण्णव पेट्रोल-डिझेलच्या. नेक्सॉन सप्टेंबर २०१७ ला आली, डिसेंबर २०१८ ला तिला ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत पाच तारे मिळाले, जानेवारी २०२० ला अल्ट्रोझ, ऑक्टोबर २०२१ ला पंच. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल सोडलं, ते गिऱ्हाईक मोकळं झालं. २०२१ च्या चिप-टंचाईत मारुतीचं उत्पादन अडकलं, टाटांनी त्यातल्या त्यात गाड्या बाहेर काढल्या. सावरण्याची कारणं ही आहेत.

तर प्रश्न असा: इलेक्ट्रिक गाडी आजारी कंपनीला उठवून बसवते, की उठून बसलेल्या कंपनीलाच ती परवडते?

रांजणगाव_फाटा

विक्रीचे आकडे बरोबर आहेत, पण कंपनी नुसत्या खपावर चालत नाही, भांडवलावर चालते. ऑक्टोबर २०२१ मध्ये टीपीजी राइज क्लायमेट या गुंतवणूक निधीने टाटांच्या इलेक्ट्रिक उपकंपनीत ७,५०० कोटी रुपये घालायचं जाहीर केलं. बदल्यात हिस्सा ११ ते १५ टक्के, म्हणजे त्या उपकंपनीचं मूल्य ९ अब्ज डॉलरपर्यंत धरलं गेलं. तेव्हा वर्षाला जेमतेम काही हजार इलेक्ट्रिक गाड्या विकणारी ती कंपनी! नुसत्या पेट्रोल पंचच्या जोरावर एवढं मूल्य कुणी लावलं असतं का?

साणंदचा फोर्डचा कारखाना ७२५ कोटी ७० लाखांना घेतला तोही याच इलेक्ट्रिक उपकंपनीने. शंभरातल्या पाच गाड्यांनी उरलेल्या पंच्याण्णवांसाठीही दार उघडलं, असं मी म्हणेन.

ओहमशांती

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर. पण ‘परवडते का’ याचं उत्तर गाडी बनवली कशी यात आहे, तिकडे कुणी वळलं नाही.

नवा इलेक्ट्रिक प्लॅटफॉर्म कोऱ्या पाटीवर उभा करायचा तर साचे, क्रॅश चाचण्या आणि कारखान्यातली लाइन मिळून काही हजार कोटी लागतात. टाटांकडे २०१८-१९ मध्ये तेवढे नव्हते. म्हणून त्यांनी चालू नेक्सॉनचाच सांगाडा घेतला. इंजिन, गिअरबॉक्स, सायलेन्सर, टाकी काढली. टाकीची जागा आणि मधला बोगदा धरून जमिनीखाली ३०.२ किलोवॉट-तासांचा पॅक बसवला. बॉनेटखाली मोटर, एकाच टप्प्याची गिअरपेटी, इन्व्हर्टर, चार्जर. पॅक ३२० व्होल्टचा, म्हणजे ३.२ व्होल्टचे १०० एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) सेल एकापाठोपाठ एक. मोटर १२९ पीएस, २४५ न्यूटन-मीटर. दरवाजे, काचा, डॅशबोर्ड, सीट, बहुतेक सस्पेन्शन सगळं पेट्रोलच्याच लाइनवरचं. २८ जानेवारी २०२० ला किंमत जाहीर झाली १३.९९ लाख.

याचे तोटेही मोजून घ्या. पॅक आयताकृती ठोकळा न राहता वेडावाकडा होतो, कारण जागा मिळेल तिथे मॉड्यूल (सेलचे गट) बसवावे लागतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत ऊर्जा कमी मावते आणि थंड पाण्याच्या नळ्या वळवत न्याव्या लागतात. वजन १,४०० किलोवर गेलं, पेट्रोलपेक्षा दीडशेच्या वर किलो जास्त. मागच्या स्प्रिंगा कडक कराव्या लागल्या. मागे बसणाऱ्याचे गुडघे वर येतात, कारण खालची जमीन उचललेली.

पण हातात पैसा नसलेल्या कंपनीने हाच मार्ग धरायला हवा होता. गाडी खपली नसती तर नुकसान पॅक आणि मोटरपुरतं राहिलं असतं, बाकीचा माल पेट्रोलमध्ये खपतच होता. कोरा प्लॅटफॉर्म काढून आपटले असते तर सगळंच बुडालं असतं.

खडकवासला

+१. आणि आधीपासूनची ओळख विसरू नका. ग्राहकाला गाडी आधीच माहीत होती, फक्त टाकीच्या जागी प्लग आला.

चाकणकर

ओहमशांती, असहमत. उसना सांगाडा पहिल्या गाडीला ठीक, पण टाटा त्यावर फार काळ रेंगाळले. ॲक्टी-ईव्ही हा त्यांचा पहिला खास इलेक्ट्रिक सांगाडा जानेवारी २०२४ ला पंचमध्ये आला, चार वर्षांनी! कर्व्ह आली ऑगस्ट २०२४ ला, हॅरियर ईव्ही जून २०२५ ला. तोवर महिंद्राने कोरी पाटी घेऊन इन्ग्लो हा इलेक्ट्रिक सांगाडा उभा केला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई एकाच दिवशी दाखवल्या. मोटर मागच्या चाकांना, सपाट पॅक ५९ आणि ७९ किलोवॉट-तासांचे, मोठा पॅक १७५ किलोवॉटवर २० ते ८० टक्के वीस मिनिटांत.

ओहमशांती

चाकणकर, महिंद्रा आजारी होती का? स्कॉर्पिओ-एन, थार, एक्सयूव्ही७०० यांच्या नफ्यावर इन्ग्लो उभा आहे. वर ब्रिटिश इंटरनॅशनल इन्व्हेस्टमेंटचे १,९२५ कोटी आणि सिंगापूरच्या टेमासेकचे १,२०० कोटी. धाग्याचा प्रश्न अडचणीतल्या कंपनीचा आहे.

चाकणकर

मान्य, पण महिंद्राच्या गोष्टीचा पहिला भागही बघा. २०१० मध्ये बंगळुरूची रेवा घेतली. २०१३ ला ई२ओ, २०१६ ला ई-व्हेरिटो. भारतात इतक्या लवकर इलेक्ट्रिकमध्ये कुणीच नव्हतं. काहीच झालं नाही. ई२ओची रेंज १०० किलोमीटर, दारं दोन, आकार लहान, आणि किंमत चांगल्या हॅचबॅकएवढी. लवकर आल्याने कुणी सावरत नाही. घरातली मुख्य गाडी म्हणून घेता येईल अशी गाडी लागते. नेक्सॉन ईव्ही ही ती पहिली, एवढं श्रेय टाटांना आहेच.

लेखापाल_सातारा

तंत्रावर बरंच झालं, थोडं वहीखात्याकडे येऊ.

बॅटरी पॅकची जागतिक सरासरी किंमत २०२४ मध्ये किलोवॉट-तासाला ११५ डॉलरच्या आसपास होती. ४५ किलोवॉट-तासांचा नेक्सॉनचा पॅक धरा: ४५ गुणिले ११५ म्हणजे ५,१७५ डॉलर, रुपयांत साधारण ४ लाख ४० हजार. गाडीची तेव्हाची सुरुवातीची शोरूम किंमत १३.९९ लाख. किमतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या पॅकचा, आणि त्यातले सेल बाहेरून येतात.

आता कर. ईव्हीवर जीएसटी ५ टक्के (१ ऑगस्ट २०१९ पासून, त्याआधी १२). पण कंपनी सुटे भाग आणि सेल घेते त्यावर भरते १८, सप्टेंबर २०२५ च्या आधी काही भागांवर त्याहून जास्त. वरचा कर विक्रीच्या करातून वळता होत नाही, परतावा मागावा लागतो. परतावा मालावरच्या कराचाच मिळतो, यंत्रसामग्री आणि सेवांवरचा नाही. नव्या कारखान्यात हजारो कोटींची यंत्रं घालणाऱ्या कंपनीचा तो कर अडकून पडतो. तब्येतीने धडधाकट कंपनी हे पचवते, रोखीची तंगी असलेली नाही.

आणि २२ सप्टेंबर २०२५ ला चार मीटरच्या आतल्या लहान पेट्रोल गाडीवरचा कर २९ वरून १८ टक्क्यांवर आला. कराआधी ८ लाखांच्या गाडीवर बघा: आधी पेट्रोलवर २ लाख ३२ हजार आणि ईव्हीवर ४० हजार, फरक १ लाख ९२ हजार. आता पेट्रोलवर १ लाख ४४ हजार, फरक १ लाख ४ हजार. एका रात्रीत ईव्हीच्या बाजूचे ८८ हजार गेले. टियागो ईव्ही आणि पंच ईव्हीला याचा फटका सर्वांत जास्त, कारण त्यांचं गिऱ्हाईक पाच-दहा हजारांचाही विचार करतं.

शेवटचा मुद्दा कॅफेचा. त्यावर कुणीच बोललं नाही, आणि माझ्या मते ईव्हीने टाटांना दिलेलं सर्वांत मोठं दान तेच आहे.

सुमेधा_के

कॅफे म्हणजे काय हो लेखापाल? इराण्याच्या चहाशी संबंध नसावा :)

लेखापाल_सातारा

सुमेधाताई, चहा नाही, धूर :) कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी काढतात. २०२२-२३ पासून ती किलोमीटरला ११३ ग्रॅमच्या आसपास हवी, नेमकी मर्यादा ताफ्याच्या सरासरी वजनावर ठरते. ओलांडली तर दंड. आणि सरासरी काढताना एक इलेक्ट्रिक गाडी तीन गाड्या म्हणून मोजतात.

समजा १०० गाड्यांतल्या ८७ पेट्रोल-डिझेलच्या, सरासरी १३५ ग्रॅम. १३ इलेक्ट्रिक. हिशेब सोपा व्हावा म्हणून ईव्हीचा धूर शून्य धरू. ८७ गुणिले १३५ म्हणजे ११,७४५. भागायचं ८७ अधिक ३९, म्हणजे १२६ ने. उत्तर ९३. ईव्ही नसत्या तर १३५ वरच अडकले असते. हॅरियर आणि सफारीची दोन लिटरची डिझेल इंजिनं टाटा निवांत विकतात ती या १३ गाड्यांच्या जिवावर. २०२३-२४ मध्ये टाटांचं प्रमाण जवळपास एवढंच होतं: ५ लाख ७३ हजारांत सुमारे ७४ हजार ईव्ही.

म्हणून ईव्ही स्वतः तोट्यात असली तरी ती कंपनीला तोट्याची नाही. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या आहेत.

मुळाकाठ

हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, फार मोलाचा आहे. पण यातूनही तेच निघतं ना? १३ ईव्हींचं पुण्य खर्च करायला ८७ फायद्यातल्या गाड्या हव्यात.

अटलांटिकपार

डेट्रॉइटहून दोन उदाहरणं, दोन्ही मुळाकाठ यांच्या बाजूची.

फोर्डने इलेक्ट्रिकचा हिशेब वेगळा दाखवायला सुरुवात केली. मॉडेल-ई विभागाचा तोटा २०२३ मध्ये ४.७ अब्ज डॉलर, २०२४ मध्ये ५.१ अब्ज. भरपाई झाली ती पिकअप आणि व्यापारी व्हॅनच्या नफ्यातून. ते खातं नसतं तर कंपनी केव्हाच बसली असती.

दुसरं स्वीडनच्या साबचं. २०११ च्या अखेरीस दिवाळं. २०१२ मध्ये नेव्हस नावाच्या कंपनीने मालमत्ता घेतली, उद्देशच इलेक्ट्रिक गाड्यांचा. ट्रोलहॅटनचा तयार कारखाना, कसलेले कामगार, ९-३ चा जुना सांगाडा, चिनी भांडवल, सगळं होतं. चालू विक्री आणि डीलरचं जाळं मात्र नव्हतं. २०२३ मध्ये बहुतेक कामगारांना घरी पाठवून कंपनी गोठवली. बंद पडलेल्या कंपनीला ईव्हीने उठवता येत नाही.

खडकवासला

अवांतर होईल, पण हिंदुस्थान मोटर्स आणि प्रीमियर आठवल्या. उत्तरपाड्याचा कारखाना मे २०१४ ला थांबला, ‘ॲम्बॅसेडर’ हे नाव २०१७ मध्ये ८० कोटींना प्यूजोला गेलं. कुर्ल्याची पद्मिनी तर शतक बदलतानाच थांबली, तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. या दोघींकडे बदलाच्या वेळी हातात जोरात खपणारी दुसरी गाडी नव्हती. अटलांटिकपार म्हणतात ते इथेही लागू आहे.

नागपूरकर

तुम्ही सगळे पुण्याच्या हवेत बसून लिहिताय :) इकडे मे महिन्यात ४५ अंश असतं, आणि कंपनी सावरणार की नाही हे तिथे ठरतं.

निसानने २०१० मध्ये लीफ काढली तेव्हा पॅकला पाण्याचं थंडीकरण दिलंच नाही. २०१२ पर्यंत अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उन्हात गाड्यांची क्षमता भराभर घसरल्याच्या तक्रारी आल्या आणि नंतर क्षमतेची वेगळी हमी द्यावी लागली. जगात सर्वांत आधी मोठ्या संख्येने ईव्ही विकूनही निसान आज अडचणीतच आहे.

टाटांनी नेक्सॉनमध्ये पहिल्यापासून द्रव-थंडीकरण घेतलं आणि रसायन एलएफपी घेतलं. हे दोन निर्णय भारतासाठी अचूक होते. एलएफपीत ऊर्जा कमी मावते, पण उष्णतेत ते निकेलवाल्या रसायनापेक्षा खूप सोशीक. तरीही उन्हाळ्यात हायवेवरून थेट डीसी (जलद) चार्जरला गाडी लावली की बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारी यंत्रणा, करंट उतरवते, आणि ५० किलोवॉटच्या चार्जरवर २५ दिसतात. चार्जर बिघडलाय असं समजून लोक भांडतात. पॅक थोडा गार होऊ देऊन मग लावली तर पॅकवर ताण कमी येतो.

चार्जरवाला

नागपूरकरांनी विषय बरोबर ठिकाणी आणला. पहिली गाडी जाहिरातीवर खपते, दुसरी सर्व्हिसवर. सावरलेली कंपनी परत घसरणार असेल तर ती वर्कशॉपच्या दारातच. नेहमी येणाऱ्या चार तक्रारी लिहितो, कारणांसह.

टक्केवारी एकदम पडणे. २० टक्के दाखवत असताना अचानक ८. एलएफपीचा व्होल्टेजचा आलेख मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो. ३० टक्क्यांना आणि ६० टक्क्यांना सेलच्या व्होल्टेजमध्ये काही शतांश व्होल्टचा फरक. त्यामुळे बीएमएस आत-बाहेर गेलेला करंट मोजून अंदाज बांधते आणि चूक साठत जाते. खरी पातळी तिला कळते ती टोकाला, १०० च्या जवळ, जिथे व्होल्टेज वर चढतं. रोज ८० ला चार्जिंग तोडणाऱ्यांकडे म्हणून हा घोळ जास्त. उपाय: महिन्यातून एकदोनदा १०-१५ टक्क्यांपर्यंत उतरवून घरच्या संथ चार्जरवर १०० पर्यंत, आणि १०० झाल्यावरही तास-दोन तास प्लग तसाच ठेवायचा. सेल एका पातळीवर येतात ते त्या वेळात.

सेलमधला फरक. १०० सेल एका माळेत असतील तर सर्वांत कमजोर सेल संपला की पॅक संपला. एक सेल बाकीच्यांपेक्षा मागे राहिला की वर सांगितलेल्या संथ चार्जिंगनेही भरून येत नाही, आणि गाडी हाय-व्होल्टेजचा इशारा देऊन थांबते. इथे वर्कशॉपला मॉड्यूल बदलता आलं पाहिजे. ते येत नसेल तर अख्खा पॅक मागवतात, आणि ग्राहक महिनाभर गाडीविना.

१२ व्होल्टची बॅटरी. मोठा पॅक ७० टक्के भरलेला, पण लहान बॅटरी मेली की कॉन्टॅक्टर (मोठा पॅक जोडणारे खटके) ओढलेच जात नाहीत आणि गाडी जागची हलत नाही. तीन वर्षांत आपणहून बदलून टाकावी.

घरचं अर्थिंग. चार्जर लाल दिवा दाखवतो आणि दोष गाडीला लागतो. १५ ॲम्पियरच्या पॉइंटला स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ७.२ किलोवॉटच्या भिंतीवरच्या चार्जरला किमान ६ चौरस मिलिमीटर, अंतर लांब असेल तर १०. ३० मिलिॲम्पियरचा ए प्रकारचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा खटका), आणि जमिनीतला खड्डा खरा हवा, नुसती हिरवी वायर खोचलेली नको. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर आधी ते दुरुस्त करा.

आणि हाय-व्होल्टेजचं काम करणारा माणूस. गाडी बंद, १२ व्होल्टची ऋण तार सोडायची, १,००० व्होल्टचे हातमोजे घालून सर्व्हिस डिस्कनेक्ट (पॅक तोडणारा प्लग) काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, कपॅसिटर उतरेपर्यंत दहा मिनिटं थांबायचं, मग हातमोजे न काढता मीटरने ६० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री, तेव्हा कुठे नट खोलायचा. प्रत्येक तालुक्याच्या डीलरकडे अशी दोन माणसं तयार करणं हे मोटर बनवण्याइतकंच अवघड आहे. बहुतेक कंपन्या यात कमी पडतात.

रांजणगाव_फाटा

चार्जरवाला, प्रतिसाद छापून सोसायटीच्या नोटीस बोर्डवर लावण्यासारखा आहे.

सुमेधा_के

अर्थिंगच्या परिच्छेदाला अनेक धन्यवाद.

माझा प्रश्न वेगळा. कंपनी सावरली तरी भोसरी-चाकणचे लहान कारखानदार सावरतात का? पिस्टन, रिंगा, क्रँक, इंजेक्टर, क्लच बनवणाऱ्यांचं काय?

ओहमशांती

सगळ्यांचं नाही. सायलेन्सर आणि टाकीवाल्यांना ईव्हीत जागाच नाही. गिअरवाल्यांना आहे, पण तो गिअर वेगळा. इंजिन सहा हजार फेऱ्यांना थांबतं, मोटर बारा-सोळा हजारांवर जाते, आणि इंजिनाचा आवाज नसल्याने गिअरची बारीकशी शिट्टीही केबिनमध्ये ऐकू येते. म्हणून दातांची अचूकता जर्मन मानकाच्या ५-६ श्रेणीची लागते. शेव्हिंगवर ती येत नाही, उष्णतोपचारानंतर ग्राइंडिंग करावं लागतं, आणि गिअर ग्राइंडिंगचं एक यंत्र कोटींत जातं. एका गाडीत दात असलेले भागही कमी. म्हणजे काम कमी आणि गुंतवणूक जास्त. मोठे पुरवठादार हे करतील, दहा कामगारांच्या शेडला बँक कर्ज देणार नाही. राज्य सरकारने ईव्हीला टोलमाफी दिली ते ठीक, पण अशा ग्राइंडिंगची सामाईक सोय एमआयडीसीत झाली तर जास्त उपयोग होईल असं माझं ठाम मत आहे.

मुळाकाठ

मूळ प्रश्नाकडे येतो. सुरुवात कशी झाली हेही नोंदवू. २०१७ मध्ये ईईएसएल या सरकारी कंपनीने सरकारी खात्यांसाठी १० हजार ईव्हींची निविदा काढली, टाटांनी जीएसटी सोडून १० लाख १६ हजारांची बोली लावून ती घेतली. त्या पहिल्या टिगोरचा पॅक १६.२ किलोवॉट-तासांचा, ७२ व्होल्टचा. रेंजबद्दल अधिकाऱ्यांची नाराजी झाली. पण कारखान्याला ईव्ही जोडायचा सराव सरकारच्या पैशात मिळाला, आणि पुढे नेक्सॉनमधली ३२० व्होल्टची झिपट्रॉन यंत्रणा आली.

पुढे टॅक्सीच्या ताफ्यांना केंद्राच्या फेम-२ या अनुदान योजनेतून किलोवॉट-तासाला १० हजार मिळायचे, २६ किलोवॉट-तासांच्या गाडीला २ लाख ६० हजार. ते ३१ मार्च २०२४ ला बंद झाले. ताफ्यांची खरेदी आटली आणि २०२४-२५ मध्ये टाटांच्या ईव्ही सुमारे ६४ हजारांवर उतरल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात एमजीची विंडसर आली: ९ लाख ९९ हजार आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये बॅटरीभाडं. महिन्याला १,५०० किलोमीटर फिरणाऱ्याला ५,२५० रुपये, म्हणजे त्याच्या पेट्रोलच्या बिलापेक्षा कमीच. ईव्हीत टाटांचा वाटा एके काळी ७० टक्क्यांच्या वर होता, २०२५ मध्ये तो निम्म्याच्याही खाली आला.

मग सावरणं टिकेल कशावर?

ओहमशांती

सेलवर. माझं उत्तर एका शब्दाचं आहे, पण कारण लांबलचक.

टाटांचा पॅक पुण्याकडे जुळतो, टाटा ऑटोकॉम्प आणि चीनच्या गोशनच्या भागीदारीत. आतला सेल मात्र चीनमधून. महिंद्राचे सेलही चिनी, बीवायडीचे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोसियम, टर्बियमसारख्या धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा मोटरची चुंबकंही अडकली. जुलैत एलएफपी कॅथोडचं तंत्रही निर्बंधाच्या यादीत घातलं. किमतीचा तिसरा हिस्सा ज्याच्या हातात, नफाही त्याच्याच हातात.

म्हणून साणंदचा अग्रतास या टाटांच्याच बॅटरी कंपनीचा २० गिगावॉट-तासांचा, १३ हजार कोटींचा सेल कारखाना हीच खरी परीक्षा आहे. सेल बनवणं हे गाडी जुळवण्यासारखं काम नाही. कॅथोडची भुकटी चिकट द्रवात कालवून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर दोन्ही बाजूंनी लेप देतात. लेपाची जाडी काही मायक्रॉननेही चुकून चालत नाही. मग वाळवणं, दाबणं, कापणं. इलेक्ट्रोलाइट भरायच्या खोलीतल्या हवेचा दवबिंदू उणे ४० अंशांच्या खाली ठेवावा लागतो, कारण चिमूटभर ओलावाही आत आम्ल तयार करतो. साणंदच्या पावसाळ्यात ही हवा कोरडी ठेवण्याची वीज हाच एक मोठा खर्च. शेवटी प्रत्येक सेल हळूहळू भरून-उतरवून आठवडा-दोन आठवडे नुसता ठेवायचा आणि व्होल्टेज गळतंय का पाहायचं. नव्या कारखान्यात सुरुवातीला यातले बरेच सेल भंगारात जातात. प्रमाण खाली यायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि तोवर चिनी सेल आणखी स्वस्त झालेला असतो.

चाकणकर

याच कारणासाठी केंद्राची सेलसाठीची १८,१०० कोटींची पीएलआय (उत्पादनावर प्रोत्साहन देणारी) योजना रखडली. पैसे जाहीर झाले, पण तंत्रज्ञ आणि यंत्रं दोन्ही चीनची, आणि व्हिसा मिळेना.

पण ओहमशांती, मग सेल बाहेरून घेऊनच चालवावं की! महिंद्रा तेच करते.

ओहमशांती

महिंद्राला एसयूव्हीचा नफा आहे, ती भाव सोसू शकते. ११-१२ लाखांची पंच ईव्ही विकणाऱ्याला सोसत नाही.

चार्जरवाला

चाकणकर, ओहमशांती यांच्या नावातच रोध आहे, विरोध होणारच :) पण यावेळी मी त्यांच्या बाजूने.

लेखापाल_सातारा

मुळाकाठ, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझी एक पुरवणी. टाटांनी २०२५ मध्ये हॅरियर ईव्हीला, मग कर्व्ह आणि ४५ किलोवॉट-तासांच्या नेक्सॉनला पहिल्या मालकासाठी बॅटरीची आजीवन हमी दिली, आजीवन म्हणजे १५ वर्षं. महिंद्रानेही अशीच दिली आहे. पूर्वी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असायची. विक्रीला हे उत्तम, पण प्रत्येक गाडीमागे पंधरा वर्षांची देणी वहीत चढली.

ऑक्टोबर २०२५ पासून टाटांची व्यापारी वाहनं वेगळ्या कंपनीत गेली, म्हणजे ट्रकच्या नफ्याचा आधारही सुटला. प्रवासी गाड्या आता जग्वार-लँड रोव्हरसोबत एका खात्यात आहेत. वार्षिक अहवाल हातात आला की विक्रीचं पान उलटून थेट हमीच्या तरतुदीच्या टिपणापाशी जा आणि तीन ओळी वहीत उतरवून घ्या: वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक, वर्षात वापरलेली रक्कम, नव्याने घातलेली रक्कम. वापरलेली रक्कम विक्रीपेक्षा वेगाने वाढायला लागली तर चार्जरवाला यांच्या यादीतली दुसरी तक्रार वाढली आहे असं समजा.

मुळाकाठ

उत्तम. अहवाल आला की याच धाग्यावर त्या तीन ओळी टाकतो. साणंदच्या सेलबद्दल कुणाला खात्रीची माहिती मिळाली तर इथेच लिहा, नवा धागा नको.